बिनमिठाची फळी

ऊर्मिला पुराणिक मांस खात नाही. अंडंसुद्धा नाही. केकमध्ये अंडं असतं हे तिला जर्मनीत येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं, तेव्हा ती तोवरचे सगळे वाढदिवस आठवत दिवसभर गप्प बसली होती. अशी बाई म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या एका खाटकाच्या दुकानात नोकरीला लागली आणि सॉसेज, हॅम नि डुकराच्या भाजलेल्या मांसाच्या चकत्या मांडायला लागली, हे मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, नीता, काहीतरी फेकू नकोस. मी फेकत नाहीये. फेकायचंच असतं तर याहून बरं काहीतरी फेकलं असतं.

ऊर्मिला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या खालच्या मजल्यावर राहते. माहेर वाईचं, सासर पुण्याचं, वय एकोणपन्नास. नवरा चंद्रशेखर सॉफ्टवेअरमध्ये. तो दुपारी कँटीनमध्ये इतकं जेवतो की रात्री घरी येऊन "अगं, मला फक्त ताक दे" म्हणतो. मुलगी वल्लरी येना शहरात भिंगांबिंगांचं काहीतरी शिकते. घरी येते तेव्हा आईने मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये सांगते, भूक नाही. एवढाच काय तो संसार. तरी ऊर्मिला रोज संध्याकाळी टेबलावर तीन ताटं मांडायची आणि मग त्यातली दोन उचलून पुन्हा कपाटात ठेवायची. मी एकदा हे पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाली, "सवय गं." 

ताट वाढणं हे त्या बाईचं वेड आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद. यात इंचभर फरक झाला की तिला घास गिळवत नाही. पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आली तेव्हा तिने माझ्या ताटातलं लोणचं उचलून डावीकडे नेऊन ठेवलं. माझ्या घरात. माझं लोणचं! मी मुंबईची, आमच्याकडे ताटात मासा आला की बाकीचं कुठे आहे हे कोणी बघत नाही. पण म्हटलं जाऊ दे, पाहुणी आहे.

आता दुकानाचं. बव्हेरियातले, म्हणजे इथले दक्षिण जर्मनीतले लोक संध्याकाळी चूल पेटवत नाहीत. लाकडाच्या फळीवर ब्रेड, चीज, सॉसेजच्या चकत्या, मुळा, काकडीचं लोणचं असं सगळं थंडच्या थंड मांडतात आणि त्याला ब्रोट्झाइट म्हणतात. आमच्याकडे याला काल रात्रीचं उरलेलं म्हणतात. पण इथे त्याचा मोठा थाट. लग्न, वाढदिवस, कोणी रिटायर झालं, की खाटकाकडे भल्या मोठ्या फळीची ऑर्डर जाते.

तर एक दिवस ऊर्मिला आइशिंगर नावाच्या दुकानावरून चालली होती. काचेत एक फळी सजवून ठेवलेली. मुळा उजवीकडे, मोहरीच्या सॉसची वाटी खाली कोपऱ्यात, काकडी चीजच्या डोक्यावर. तिला ते बघवेना. घरी आली, पुन्हा गेली, पुन्हा पाहिलं, आणि शेवटी आत जाऊन आपल्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये मालकिणीला म्हणाली, हे चुकलंय. मालकीण फ्राऊ आइशिंगर, म्हणजे आइशिंगरबाई, ही साठीची, रुंद खांद्यांची, कधीही न हसणारी बाई. तिने ऊर्मिलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातमोज्यांची जोडी पुढे केली आणि म्हणाली, "मग करा."

ऊर्मिलाने केलं. मुळा, काकडी, गोडसर मोहरी, किसलेला झणझणीत हॉर्सरॅडिशचा कंद, सगळं डावीकडे. सॉसेज आणि हॅम उजवीकडे. खाली ब्रेड. आणि मधोमध ओबात्स्टा. म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा आणि लाल तिखटाची पूड एकत्र कालवून करतात ते. ते तिने वाटीत दाबून फळीवर उपडं केलं आणि त्याची मूद पाडली. वर कोथिंबिरीसारखी बारीक चिरलेली कांद्याची पात. फ्राऊ आइशिंगरने ते सगळं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सोमवारी या. सहा महिने प्रोबेत्साइट." म्हणजे तोवर काम नीट झालं तर ठेवणार, नाहीतर नमस्कार.

हातमोजे घातले की आपण कशालाच हात लावत नाही, असं ऊर्मिलाने ठरवून टाकलं. हातमोजे म्हणजे सोवळंच. पुण्याला सासूबाईंना कळवलं की चीजच्या दुकानात लागले आहे. खोटं कुठे होतं? चीज होतंच की कोपऱ्यात. चंद्रशेखर म्हणाला, "बघ बाई, तुला झेपत असेल तर." त्याला सगळंच झेपतं, कारण तो कशातच नसतो.

फ्राऊ आइशिंगरचा एकच नियम होता. फळीवर जे येईल ते दक्षिणेचं पाहिजे. आलगॉयचं चीज, म्युनिकची मोहरी, शेजारच्या गावचा मुळा. डोनाऊ नदीच्या उत्तरेकडची काकडीसुद्धा तिला चालायची नाही. नदीपलीकडे काय आहे विचारलं तर ती नुसता हात झटकायची. ऊर्मिलाला यात काही विशेष वाटलं नाही. पुण्यातही नदीपलीकडच्यांबद्दल लोक असंच बोलतात, म्हणाली.

घोडं अडलं ते चवीपाशी. गिऱ्हाईक विचारणार, हे हॅम कसं आहे हो? आणि ही बाई काय सांगणार, कप्पाळ? म्हणून तिने मला धरलं. शुक्रवारी दुपारी ती दुकानातले तुकडे कागदात गुंडाळून माझ्या घरी आणायची, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि म्हणायची, "खा. आणि नीट सांग." मी खायचे. मला कोणी आग्रह करावा लागत नाही.

"हे धुरकट आहे. वांग्याचं भरीत कसं लागतं, तसं. पण खारट."

"आणि हे?"

"हे चिवट. सुका बोंबील."

"बोंबील मला कसा माहीत असणार? दुसरं सांग."

असं आमचं चालायचं. मग ती सोमवारी दुकानात गंभीर चेहऱ्याने सांगायची की हे हॅम म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं वांगं. गिऱ्हाइकं विचारात पडायची आणि मग पाव किलो न्यायची. बघता बघता लोक येऊन म्हणायला लागले, त्या भारतीय बाईंना विचारा, त्यांना चव कळते. फ्राऊ आइशिंगरने मला कधी पाहिलं नव्हतं, आणि ऊर्मिला काय खाते हे तिने कधी विचारलं नाही. खाटकाच्या दुकानात काम करणारा माणूस मांस खात नसेल ही शंका तिला यावी तरी कशी?

पाच महिने झाले तसं ऊर्मिलाचं लक्ष कशात लागेना. एकदा माझ्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "नीता, त्यांनी ठेवलं नाही ना, तर मी काय करू? मी पुन्हा तीन ताटं मांडू?" मी काहीतरी विनोद करणार होते, पण तिचं तोंड बघून चहाचं आधण ठेवलं. पगाराचं तिला काही नव्हतं. तिने मांडलेलं कोणीतरी खातंय, रिकामी फळी परत येतेय, एवढंच तिला हवं होतं. बाईमाणसाने याहून कमी मागायचं तरी काय?

शेवटच्या आठवड्यात झेप लेर्मर नावाचे म्हातारे वारले. गावातले जुने सुतार, दुकानाचे कायमचे गिऱ्हाईक. दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना ब्रोट्झाइट द्यायचं असं त्यांच्या बायकोने ठरवलं. त्याच दिवशी फ्राऊ आइशिंगरकडे एका लग्नाची ऑर्डर होती. ती ऊर्मिलाला म्हणाली, "हे तुम्ही एकटीने करा. मी नंतर येईन. नीट झालं तर सोमवारी कायमच्या कागदावर सही करू." ऊर्मिलाला गाडी येत नाही, म्हणून सारथी मी.

हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात ती मांडायला लागली आणि मी नेहमीसारखी ब्रेड कापत बसले. थोड्या वेळाने वर पाहिलं तर मोहरी उजवीकडे. मुळा उजवीकडे. हॅम डावीकडे.

"अगं, उलटं झालंय!"

"उलटंच हवं," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या नावाचं आहे. श्राद्धाचं पान उलटं वाढतात."

मी हात जोडले. म्हटलं ठीक आहे, इथे डावं-उजवं कोणाला कळतंय. पण मग तिने ब्रश घेतला आणि ब्रेत्सेलवरचं मीठ झाडायला लागली. ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारलेला तो खमंग पाव, त्याच्यावर खड्याचं मीठ असतं आणि बव्हेरियन माणूस मुख्यतः त्या मिठासाठीच तो खातो. एकेक उचलून, झाडून, फुंकर मारून ती ठेवत होती. टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या तिने आधीच गोळा करून सिंकखाली ठेवल्या होत्या.

"ऊर्मिला, हे काय चाललंय?"

"श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत. आमच्या घरी तरी नाही."

"का नाही वाढत?"

"सासूबाईंनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"अगं पण हॅममध्ये, सॉसेजमध्ये आतच मीठ असतं, त्याचं काय?"

तिने क्षणभर विचार केला. "ते आपण वाढलेलं नाही."

मी सुरी खाली ठेवली. आता मला खरंच राग आला होता. मी म्हटलं, "बाई गं, हे लोक मीठ नसेल तर जेवणार नाहीत. ती मालकीण येणार आहे. सहा महिने मी तुझ्यासाठी डुक्कर खाल्लं, आणि तू आज शेवटच्या दिवशी सगळ्यावर पाणी ओतणार आहेस. सोमवारी सही आहे ना तुझी?"

"माहीत आहे," ती म्हणाली. ब्रश खाली ठेवला, मिठाची एक बाटली सिंकखालून काढली, हातात धरली. बराच वेळ धरून उभी राहिली. मग परत ठेवली. "नाही गं. हातच वळत नाही. तो माणूस दर शनिवारी यायचा. आज त्याचं पान आहे."

 मी उरलेल्या ब्रेत्सेलांचं मीठ झाडायला घेतलं. दोघींचे हात चालले तर लवकर तरी होईल.

लोक आले. काळे कोट, ओले जोडे, हळू आवाज. फळ्या बाहेर गेल्या. इथे मुळ्याच्या पातळ गोल चकत्या करून त्यावर मीठ घालतात, त्याला पाणी सुटतं, आणि मग म्हणतात, मुळा रडला, आता खायला घ्या. त्या दिवशी मुळा काही रडला नाही. लेर्मर आजोबांचे भाऊ त्या फळीसमोर हात बांधून वाट बघत बसले होते. आधी कुजबुज झाली, मग कोणी टेबलाखाली वाकून पाहिलं, मग एकाने सरळ विचारलं, मीठ कुठे आहे? आणि नेमकी तेव्हा फ्राऊ आइशिंगर दारातून आत आली.

तिने ब्रेत्सेल उचलला, उलटा करून पाहिला, आणि स्वयंपाकघरात आली. आवाज चढवला नाही. त्या बाईचा आवाज चढत नाही, तिचे फक्त कान लाल होतात.

"फ्राऊ पुराणिक. मीठ?"

ऊर्मिला उभी राहिली. हातमोजे काढले, घडी करून ओट्यावर ठेवले. मला वाटलं, आता ही सांगेल विसरले म्हणून, चुकून राहिलं म्हणून. मी डोळ्यांनी खुणावत होते, सांग ना बाई, विसरले म्हण! पण नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी वाढतात तेव्हा मीठ ठेवत नाहीत. आणि उलटं वाढतात. मला माहीत आहे, तुमच्याकडे असं नाही. पण मला दुसऱ्या पद्धतीने मांडता आलं नाही."

"हे माझं गिऱ्हाईक आहे," फ्राऊ आइशिंगर म्हणाली. "तीस वर्षांचं. आणि बाहेर लोक बिनमिठाचा मुळा बघत बसलेत."

"हो."

"तुम्ही स्वतः चाखून तरी पाहिलंत का हे?"

आणि इथे माझ्या मैत्रिणीने कहर केला. एक संकट पुरे नव्हतं म्हणून की काय, ती म्हणाली, "मी मांस खात नाही. कधीच खाल्लेलं नाही."

फ्राऊ आइशिंगरने हातातला ब्रेत्सेल ओट्यावर ठेवला. मग तिने विचारलं, "मग भाजलेल्या वांग्याचं कोण सांगत होतं?"

ऊर्मिलाने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या तोंडात तेव्हा हॅम होतं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

आमच्या लक्षात आलं नव्हतं, पण दारात लेर्मर आजी उभ्या होत्या. बारीक, ताठ, हातात रुमालाचा बोळा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या आणि ऊर्मिलाला म्हणाल्या, "पुन्हा सांगा. ते कोणासाठी उलटं?"

"तुमच्या नवऱ्यासाठी," ऊर्मिला म्हणाली. "बाहेरच्यांसाठी नाही. आधी त्यांचं पान, मग बाकीचे."

आजी ओट्याला टेकल्या. "चार दिवस," त्या म्हणाल्या, "मला सगळे विचारतायत, किती माणसं येणार, कॉफी किती, फुलं कोणती, गाड्या कुठे लावायच्या. पाहुण्यांचं सगळं झालं. झेपसाठी काही मांडलंय असं कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही." मग त्या फ्राऊ आइशिंगरकडे वळल्या. "मीठ बाहेर देऊ नको, मारिया. माझा दीर बसू दे तसाच. एक दिवस बिनमिठाचं खाल्लं तर मरत नाही."

फ्राऊ आइशिंगरचे कान हळूहळू पांढरे झाले. तिने कोट काढला, खुंटीला लावला, बाह्या वर केल्या. "फळीवर मीठ नसेल," ती ऊर्मिलाला म्हणाली, "तर लोकांना तसं सांगायला पाहिजे. ते माझं काम, मी सांगते." दारापाशी जाऊन थांबली. "सोमवारी येताना हिला पण आणा. चाखणारं माणूस दुकानात असलेलं बरं." आणि गेली. आम्हाला बाहेरून तिचा तो सपाट आवाज ऐकू आला. आज मीठ नाही, हे झेपचं जेवण आहे, बसा आणि खा. आणि लोक बसले, आणि खाल्लं, म्हाताऱ्या भावानेसुद्धा.

मला वाटलं, सुटलो. मी पिशव्या आवरायला घेतल्या. पण आजी गेल्या नव्हत्या. त्यांनी कपाटातून एक लहान लाकडी फळी काढली, पुसली आणि ऊर्मिलाला विचारलं, "तुम्ही आज काय खाल्लंत?"

ऊर्मिला म्हणाली, "नंतर खाईन. तुम्ही जा, लोक थांबलेत."

"ते खातायत. तुम्ही काय खाता ते सांगा."

मग त्या म्हातारीने स्वतःच ब्रेड कापला. लोणी लावलं. आलगॉयच्या चीजची जाड चकती. ओबात्स्टाचा गोळा. मुळ्याच्या चकत्या.  शेवटी त्या वाकल्या आणि सिंकखालून मिठाची बाटली काढली. ऊर्मिला घाईने "नको, नको" म्हणाली. आजींनी तिचा हात बाजूला केला.

"हे झेपसाठी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिवंत आहात. जिवंत माणसाला मीठ लागतं."

त्यांनी मुळ्यावर मीठ घातलं आणि फळी तिच्यापुढे ठेवली.  मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिने कोणाकोणाला वाढलंय ते मी पाहिलंय, नवऱ्याला, पोरीला, पुण्याहून आलेल्या सासूला, मला, आणि आता अख्ख्या गावाला. तिच्यापुढे कोणी पान मांडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मांडणी सगळी चुकलेली होती. मुळा उजवीकडे, चीज भलतीकडेच. तिने काहीही हलवलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती तशीच उभी राहिली, म्हणून मी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

पण खायला लागेल तर ती ऊर्मिला कसली. तिने वर पाहिलं आणि आजींना विचारलं, "तुम्ही जेवलात?"

आजींनी मान हलवली. चार दिवसांत काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

ऊर्मिलाने बाजूची खुर्ची ओढली. "बसा," ती म्हणाली, मराठीत. आजी बसल्या. ऊर्मिलाने डोळे पुसले, दुसरी फळी घेतली आणि मांडायला सुरुवात केली. मुळा डावीकडे, चीज उजवीकडे, आणि सगळ्यांत आधी, वर मधोमध, चिमूटभर मीठ.